पस्तीस लिटर
(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

आमच्या होस्टेलच्या नियमावलीत एक नियम आहे : 'खोलीत पाळीव प्राणी ठेवण्यास सक्त मनाई आहे.' आता मला सांगा, मासा हा प्राणी आहे का? जीवशास्त्राच्या पुस्तकात आहे. पण होस्टेलच्या भाषेत प्राणी म्हणजे जो भुंकतो, घाण करतो किंवा रात्री दुसऱ्यांच्या खोलीत जातो. ह्या व्याख्येप्रमाणे आमच्या मजल्यावर बरेच प्राणी राहतात, पण त्यात मासा बसत नाही!

रेक्टर मॅडमपुढे मी हाच मुद्दा मांडला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तीन प्रश्न विचारले. स्लॅबवर वजन किती येणार? लाइट किती जाळणार? आणि पाणी कुठून आणणार?

पहिल्या दोन प्रश्नांची तयारी करूनच गेले होते. (सिव्हिलला असल्याचा एवढा तरी फायदा.) काचेची पेटी दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठापर्यंत भरली तर चाळीस लिटर, वर चार बोटं जागा सोडली तर पस्तीस. म्हणजे पस्तीस किलो पाणी, वर काच आणि वाळू, सगळं मिळून पन्नास किलोच्या आसपास. खिडकीतून कुणाची वरात बघायला आम्ही चौघी एका कोपऱ्यात उभ्या राहतो तेव्हा त्याच्या चौपट वजन तिथे असतं, आणि स्लॅबने अजून तक्रार केलेली नाही. लाइटचं म्हणाल तर हवेची मोटर पाच वॅटची. चोवीस तास चालली तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या जरा वर. एवढी वीज पंधराशे वॅटची पाणी तापवायची रॉड अडीच तासांत खाते. ती रॉड कुणाकुणाच्या कपाटात आहे हे मी मॅडमना सांगितलं नाही. मैत्री म्हणून काही असतं की नाही?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं, कारण तो प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी ठाण्याची. तळ्यांचं शहर. लहानपणी संध्याकाळी फिरायला जायचं ते तलावपाळीवर. घरी नळ सोडला की पाणी येतं, इतकं साधं. शाळा कॉन्व्हेंट. तिथे 'वॉटर सायकल'चं चित्र निळ्या स्केचपेनने रंगवून मी 'व्हेरी गुड' मिळवलं होतं, पण पाण्याचा 'वार' असतो ही गोष्ट मला सोलापूरला आल्यावर कळली. 'आज पाण्याचा वार आहे' हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं एखादा उपवास असेल!

शहराला पाणी येतं ते मुख्यतः शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून, आणि वर्षानुवर्षं सोलापूरकरांनी ते चार-चार, पाच-पाच दिवसांआड भरलेलं आहे. होस्टेलचा कारभार नळ, बोअर आणि टँकर अशा तिघांच्या भरवशावर. उन्हाळ्यात माणशी दोन बादल्या असा नियम लागतो. त्यात अंघोळ, कपडे, सगळं. अशा ठिकाणी पस्तीस लिटर पाणी काचेत भरून बघत बसायचं म्हणजे...

"माजलीस का गं?" असं माझ्या रूमपार्टनरने विचारलं. ती मंगळवेढ्याची, म्हणजे तालुक्याच्या दक्षिणेकडच्या गावातली. संतांची भूमी आणि मालदांडी ज्वारी ह्यासाठी मंगळवेढा प्रसिद्ध आहे, पण त्या दक्षिण भागात पाणी नाही म्हणून पस्तीस गावांचं आंदोलन किती वर्षं चाललं हे इथल्या लोकांना सांगायला नको. योगायोग बघा, तिकडे पस्तीस गावं आणि इकडे माझे पस्तीस लिटर. दुसरी रूमपार्टनर लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं होतं ना, 'जलदूत', तेव्हा ही दहा-अकरा वर्षांची होती. पहिल्या गाडीत पन्नास-पन्नास हजार लिटरचे दहा डबे, म्हणजे पाच लाख लिटर. आपण तेव्हा टीव्हीवर बघितलं. तिने घागर घेऊन रांगेत उभं राहून बघितलं. आणि ह्या दोघींच्या मध्ये मी, ठाणेकरीण, काचेची पेटी घेऊन उभी!

मी लगेच पुस्तक काढलं. म्हटलं, हे बघा, शहरी माणसाला रोज १३५ लिटर असं आपण पाणीपुरवठ्याच्या डिझाइनमध्ये धरतो. माझ्या टाकीचं पाणी आठवड्याला पाव भाग बदलायचं, म्हणजे नऊ लिटर. दिवसाला सव्वा लिटर. एक टक्का सुद्धा नाही!

मंगळवेढेकरीण शांतपणे म्हणाली, "१३५ तुला मिळतात का? आमच्या गावाला तर कागदावरच ५५ आहेत."

पुस्तक मिटलं.

मग आमचा करार झाला. तो करार तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून भिंतीला चिकटवला. एक, माशांचं पाणी माझ्या वाट्याच्या दोन बादल्यांतून जाणार. दोन, टाकीतून काढलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. ते वेगळ्या बादलीत ठेवायचं, आणि संडासात किंवा फरशीला वापरायचं. एकदा फ्लश केलं तर नऊ-दहा लिटर जातात, म्हणजे हिशोब तिथेच फिटतो. तीन, हिशोब ती ठेवणार. लातूरकरणीने साक्षीदार म्हणून सही केली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'माशांची नावं मी ठेवणार.'

आता मासे कोणते, ही दुसरी कथा. मला हवे होते निऑन टेट्रा. २०१५ साली मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय नूतनीकरण होऊन पुन्हा उघडलं तेव्हा शाळेची ट्रिप गेली होती. (ते मूळचं १९५१ सालचं.) तिथे अंधारात चमकणारे मासे बघितल्यापासून ते डोक्यात बसले होते. निऑन म्हणजे निळ्या ट्यूबलाइटचा तुकडा पोहतोय असं वाटतं. पण निऑन हा अमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, पानं कुजलेल्या मऊ, किंचित आम्ल पाण्यातला. आणि आमचं बोअरचं पाणी? दख्खनच्या काळ्या दगडातून आलेलं, साबणाला फेस येऊ न देणारं, केसांची वाट लावणारं. पर्यावरण अभियांत्रिकीच्या प्रॅक्टिकलला सर म्हणाले, आपापल्या घरचं पाणी आणा, कठीणपणा काढू. मी होस्टेलच्या बोअरची बाटली नेली. ईडीटीए टाकत राहायचं आणि पाण्याचा द्राक्षारसासारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं. माझ्या शेजारणीचं झालं, तिच्या शेजारणीचं झालं, माझं ब्युरेट रिकामं होत आलं तरी पाणी लालच! पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. आमची २०० तर केव्हाच मागे पडली होती.

माशांच्या दुकानातले काका तेलुगू, मराठी आणि कन्नड तिन्ही एकाच वाक्यात बोलतात. त्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "ताई, पाणी बदलता येत नाही, मासा बदलता येतो. गप्पी न्या, मोली न्या. त्यांना असलंच जड पाणी लागतं." आणि खरंच तसं आहे. गप्पी आणि मोली कठीण, अल्कधर्मी पाण्यातच खुशीत राहतात. ज्या पाण्याला आम्ही दोन वर्षं शिव्या घालतोय, ते कुणाच्या तरी तब्येतीला मानवतं हे ऐकून मला जरा अभिमानच वाटला. माशांचा प्रवासही त्यांनी सांगितला. बरेचसे मासे कोलकात्याहून नाहीतर चेन्नईच्या कोळत्तूरहून निघतात, प्लास्टिकच्या पिशवीत एक भाग पाणी आणि वर ऑक्सिजन भरून. सोलापूरला उतरेपर्यंत ते आपल्या वर्गातल्या पुष्कळ जणांपेक्षा जास्त फिरलेले असतात.

पण मासे लगेच आणायचे नसतात. हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि खोलीत सगळ्यात जास्त चेष्टा ह्याचीच झाली. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचा अमोनिया होतो, आणि थोडासा अमोनियासुद्धा माशाच्या कल्ल्यांना जाळतो. नदीत तो वाहून जातो, पेटीत कुठे जाणार? तिथे एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी, ते आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. हे जिवाणू वाळूवर, काचेवर आणि मुख्य म्हणजे फिल्टरच्या स्पंजावर घर करतात, आणि त्यांना वसायला चार ते सहा आठवडे लागतात. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या धड्यात हेच जिवाणू आपण परीक्षेला लिहितो आणि विसरतो. माझ्या टेबलावर ते रात्रंदिवस काम करत होते.

तर पाच आठवडे टेबलावर नुसतं पाणी. त्यात बुडबुडे. मी रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायची, अमोनिया व्हावा म्हणून. बाहेरून येणारी प्रत्येक मुलगी विचारायची, "मासे कुठायत?" लातूरकरीण गंभीर चेहऱ्याने सांगायची, "लाजतात." शेजारच्या खोलीतली सोलापूरची मैत्रीण रोज दारातून डोकावून म्हणायची, "काय करलालीस गं, पाणी पाळलालीस?"

पाण्याला माणूस पाळतो हे तिने चेष्टेने म्हटलं, पण मला ते पटलं. शाळेत आमच्या मदर सुपीरियरच्या ऑफिसबाहेर गोल काचेच्या भांड्यात एक गोल्डफिश असायचा. दर काही महिन्यांनी तो 'नवीन' व्हायचा. आम्हाला वाटायचं मासे तेवढंच जगतात. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-दहा वर्षं सहज जगतो, हे मला इथे येऊन, ही पाण्याची गणितं वाचताना कळलं.

मासे आले त्या दिवशी मात्र घोटाळा झाला. मंगळवेढेकरणीने पिशवीत बघितलं आणि ती हसत सुटली. "हे? हे तर डासांचे मासे! आरोग्य खात्याचा माणूस आमच्या हौदात फुकट टाकून जातो. ह्याला तू पैसे मोजलेस?"

तिचं म्हणणं खरं होतं. हिवताप आणि डेंग्यूसाठी आरोग्य खातं साठलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडतं, ते डासांच्या अळ्या खातात. मूळचा हा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि त्रिनिदादचा मासा. तिथल्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांनी १८६६ मध्ये त्रिनिदादचे नमुने लंडनला पाठवले, म्हणून त्याचं नाव गप्पी. दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलं होतं, त्यामुळे शास्त्रीय नाव त्यांचं राहिलं, पण लोकांच्या तोंडात गप्पीच बसला. हौदातला गप्पी मातकट असतो, दुकानातल्याची शेपटी रंगीत पंख्यासारखी. जात एकच. मी ही सगळी माहिती सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे माझ्या हौदातल्याला मेकअप केलाय."

तिच्यासाठी मासा हा नोकरीवरचा माणूस होता, माझ्यासाठी पाहुणा. पण तिच्यामुळे माशांच्या खाण्याचा खर्च निम्म्यावर आला. होस्टेलच्या कूलरच्या टाकीत आणि वॉचमनकाकांच्या ड्रममध्ये आठवड्याभरात अळ्या होतात. ती गाळणी घेऊन जायची, अळ्या आणायची, आणि गप्प्यांना घालायची. गप्पी अळीवर झडप घालतात ते बघायला आख्खा मजला जमायचा. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी सुरुवातीला तोंड फिरवायची. नंतर मीच गाळणी धरायला लागले. त्या उन्हाळ्यात आमच्या विंगमध्ये ओडोमॉस कमी लागलं असं सगळ्या म्हणतात. शास्त्रीय पुरावा नाही.

गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. साधारण महिन्याला एक खेप, एका खेपेला वीस-तीस सुद्धा. आणि नर नसला तरी एकदाच्या मीलनावर मादीच्या पुढच्या कितीतरी खेपा होतात! सहा गप्पी आणि चार मोली आणले होते. बरीच पिल्लं मोठे मासे खाऊन टाकतात, तरी मार्चअखेर मोजायला बसलो तर पन्नासच्या पुढे आकडा जाईना, कारण मोजणारीचा गोंधळ व्हायचा. लातूरकरणीने नावं ठेवायचं सोडून दिलं. पहिल्या सहांना प्राध्यापकांची नावं होती. ती इथे छापली जाणार नाहीत, काळजी नसावी.

मग उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे काय ते मी लिहायला नको, तुम्ही वाचताय तेव्हाही घाम पुसत असाल. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, वरच्या मजल्यावर सिमेंटची खोली, टाकीतलं पाणी तेहतीसवर. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. वीस अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, तिसाला साडेसात. आणि नेमकं तेव्हाच माशाला जास्त लागतो, कारण त्याचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं. बर्फ टाकावा असं सगळ्या सुचवायच्या. पण बर्फाने पाणी झटक्यात गार होतं आणि झटक्याने मासा आजारी पडतो. त्यापेक्षा माठाची युक्ती बरी. झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा लावायचा. पाव लिटर पाणी वाफ होऊन उडालं तर कागदावर पस्तीस लिटर पाणी चार अंशांनी उतरतं. खोली परत तापवत असते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-अडीच पदरात पडतात. पण ते पाव लिटर पुन्हा भरायचं कुठून? बोअरचं भरत राहिलं तर क्षार साठत जातात, कारण उडतं ते शुद्ध पाणी. काचेवर आपल्या नळांवर बसतात तशी पांढरी पुटं बसायला लागली. मी माझ्या प्यायच्या फिल्टरच्या पाण्याच्या बाटलीतून रोज एक ग्लास टाकायला लागले. मंगळवेढेकरणीने वहीत तेही लिहिलं : 'मासे, प्यायचं, १ ग्लास.'

एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. वारा असा की होस्टेलच्या गच्चीवरचे कपडे शेजारच्या प्लॉटमध्ये. लाइट गेले. हे नेहमीचंच, तासाभरात येतील म्हणून आम्ही मेणबत्ती लावून बसलो. दुसऱ्या दिवशी स्ट्रक्चरल अॅनालिसिसचा पेपर. नऊ वाजले, दहा वाजले. कळलं की कुठेतरी खांब पडलाय, सकाळशिवाय काही होणार नाही. हवेची मोटर बंद. पंखा बंद. साडेदहाला मी मोबाइलचा टॉर्च टाकीवर मारला तर सगळे मासे पृष्ठभागाला तोंडं लावून होते. सगळे. पन्नास तोंडं, एकाच वेळी उघडताहेत आणि मिटताहेत. आवाज काहीच नाही. मला अजूनही ते आठवलं की कसंतरी होतं.

मी मग घेतला, टाकीतलंच पाणी वर उचलून धार धरायला लागले. वरून पाणी पडलं की पृष्ठभाग फुटतो आणि हवा मिसळते. दहा मिनिटांत हात भरून आला. लातूरकरणीने पाळ्या लावल्या, शेजारच्या खोलीतल्या दोघी आल्या. एका हातात नोट्स, एका हातात मग. कुणीतरी मोमेंट डिस्ट्रिब्यूशनची पायरी मोठ्याने वाचत होतं, कुणीतरी धार धरत होतं. तरी मासे खाली जाईनात. एक काळी मोली आडवी झाली.

मंगळवेढेकरीण इतका वेळ कॉटवर बसून अभ्यास करत होती. ती उठली आणि म्हणाली, "आमच्या हौदाला कुठे मोटर आहे? हौद पसरट आहे. तुझी पेटी उंच आहे आणि गर्दी झालीय." मग तिने कपडे भिजवायचे दोन मोठे टब आणले, साबणाचा अंश राहू नये म्हणून खळखळून धुतले, आणि टाकीतलं पाणी मगाने दोन्हींत वाटून घेतलं, जेमतेम चार बोटं खोल. मासे गाळणीने उचलून दोन्हींत सोडले. तेवढंच पाणी, पण हवेला लागणारा पृष्ठभाग तिपटीहून जास्त. तिने टब धुवायला घेतलेलं पाणी तिच्या स्वतःच्या बादलीतलं होतं. सकाळच्या अंघोळीचं.

अर्ध्या तासात मासे खाली गेले. ऑक्सिजन पाण्यात हवेतून पृष्ठभागावाटे विरघळतो, बुडबुडे मुख्यतः पाणी हलवायचं काम करतात, हे मी वाचलेलं होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पाच मार्कांचं उत्तर आकृतीसह लिहिलं असतं. पण त्या रात्री ते तिला सुचलं.

स्पंजावरचे जिवाणू सुकू नयेत म्हणून तो टबात बुडवून ठेवला. लाइट सकाळी साडेपाचला आले. दोन मोली गेल्या, गप्पी एकही नाही. पेपरचं काही विचारू नका. मंगळवेढेकरीण बिनअंघोळीची पेपरला गेली आणि तिला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त पडले.

सुट्टीचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. होस्टेल रिकामं होणार, ठाण्याला पन्नास मासे रात्रीच्या गाडीत नेणं शक्य नाही. दुकानातल्या काकांनी रंगीत शेपटीचे दहा-बारा परत घेतले. बाकीचे? सगळ्यांनी एकच सल्ला दिला : "सिद्धेश्वर तलावात सोड. पुण्य लागेल." देवळाभोवतीचं ते पाणी, संध्याकाळी दिसतंही किती सुंदर. दुसरी म्हणाली संभाजी तलावात सोड. पण हे मी करणार नव्हते, आणि होस्टेलमध्ये कुणी मासे पाळणार असेल तर त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. आपण सोडलेला मासा तिथे नुसता राहत नाही, तिथल्या माशांचं खाणं खातो, त्यांची पिल्लं खातो. आपण उजनीची म्हणून मिटक्या मारत खातो ती चिलापीसुद्धा मूळची आफ्रिकेतली. ती १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि आज उजनीच्या जाळ्यांत तिचंच राज्य आहे. काच साफ करतो म्हणून टाकीत ठेवतात तो सकर मासा मोठा झाला की लोक नदीत सोडून देतात, आणि मग कोळ्यांच्या जाळ्यांत तो काटेरी, न विकला जाणारा मासा येतो, जाळी फाडतो. एखाद्याचं पुण्य दुसऱ्याच्या जाळ्यावर.

"मला दे," मंगळवेढेकरीण म्हणाली. "जनावरांच्या हौदात आधीचे गप्पी संपलेत. मधे हौद कोरडा पडला होता."

मी विचारलं, "हौदाचं पाणी वाहून ओढ्याला तर जात नाही ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "ओढ्याला पाणी असतं तर तुझ्याशी नऊ लिटरवरून भांडले असते का?"

पाच लिटरचा कॅन, तीन भाग पाणी, वर हवा, झाकणाला भोकं. आदल्या दिवशी माशांना उपास, म्हणजे प्रवासात घाण कमी होते. एसटीत खिडकीशेजारी, वर ओला टॉवेल गुंडाळून. कंडक्टरने विचारलं काय आहे, तर म्हणे, "माहेरचा आहेर." संध्याकाळी तिचा फोन आला. बत्तीस पोहोचले, एक वाटेत गेला. हौदात सोडल्यावर म्हैस पाणी प्यायला आली तरी हलले नाहीत, शहरात राहून माजलेत असं तिची आई म्हणाली.

मी निघायच्या आधी टाकी रिकामी केली. करार अजून भिंतीवर होताच, त्यामुळे मोरीत ओतायची सोय नव्हती. मेसच्या मागे मावशींनी कढीपत्त्याचं झाड लावलंय. वर्षभर अधूनमधून टाकीचं पाणी तिथे जायचं, आणि नायट्रेट म्हणजे झाडाला खतच, त्यामुळे ते भिंतीच्या वर गेलंय. शेवटचे पस्तीस लिटर दोन खेपांत तिथे नेऊन ओतले. मावशी भांडी सोडून बाहेर आल्या, ओल्या मातीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता सुट्टीभर ह्याला पाणी कोण घालणार? तू तर चाललीस."

वॉचमनकाकांना सांगून आलेय. दर तिसऱ्या दिवशी एक मग, त्यांच्या ड्रममधला. अळ्यांसकट.